लक्ष्यपत्राची निवड : पिस्तूल नेमबाजीचा पहिला धडा

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके होत. तीरकमठा व बेचकी यांमुळे नेम धरणे येथील मुलांना नवे नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी रायफल नेमबाजीचे कांस्यपदक मिळविले. खेड्यातील मुलालाही हा मार्ग खुला आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. मात्र शस्त्र कितीही चांगले असले, तरी समोरचे लक्ष्यपत्र सदोष असेल तर सरावाचे श्रम वाया जातात.

प्रकारानुसार लक्ष्य

मोठ्या स्पर्धांत आता इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये वापरली जातात. सरावासाठी कागदी लक्ष्यपत्र आजही उपयुक्त आहे. १० मीटर एअर पिस्तुलाच्या पत्रावरील काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटर व्यासाचे, तर दहा गुणांचे वर्तुळ केवळ ११.५ मिलिमीटरचे असते. २५ मीटर पिस्तूल प्रकारात दोन लक्ष्ये लागतात. अचूकतेच्या टप्प्यात काळा भाग २०० मिलिमीटरचा, तर जलद टप्प्यात ५०० मिलिमीटरचा असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक पटकाविले.

छायाप्रत काढताना आकृती अनेकदा लहानमोठी होते. म्हणून वापरापूर्वी काळे वर्तुळ पट्टीने मोजावे. जागेअभावी ५ मीटरवरून सराव करावयाचा असल्यास आकृतीही निम्मी करावी. अन्यथा मोठ्या लक्ष्यावर मिळालेले गुण मुलाला फसवितात आणि त्याची खरी पातळी त्याला पहिल्या स्पर्धेतच कळते.

कागद व पुठ्ठा

कागद न चमकणारा व घट्ट असावा. छरा रेषेस स्पर्श करून गेल्यास वरच्या वर्तुळाचे गुण मिळतात. साहजिकच छिद्राची कड स्वच्छ उमटणे आवश्यक ठरते. पातळ कागद फाटतो व निर्णय संदिग्ध होतो. चपट्या डोक्याचा छरा वापरल्यास छिद्र गोल व स्पष्ट पडते. मोठे लक्ष्य जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवावे आणि छिद्रांवर काळ्या-पांढऱ्या चिकटपट्ट्या लावून ते पुन्हा वापरावे. त्यामुळे खर्चात बचत होते.

जव्हार-मोखाड्याच्या मुसळधार पावसाळ्यात कागद व पुठ्ठा ओल धरतात, मऊ पडतात आणि वाकतात. यास्तव पत्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत आडवी ठेवावीत.

सुरक्षितता

पुठ्ठा छरा अडवीत नाही, हे ध्यानात ठेवावे. लक्ष्यामागे छरे अडविणारी पोलादी पेटी हवीच. दगड वा भिंतीवरून छरा उलटून येऊ शकतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. छरे शिशाचे असल्याने सरावानंतर हात धुवावेत. शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांचे पालन करून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, अधिकृत ठिकाणीच सराव करावा.

प्रत्येक पत्रावर तारीख, अंतर व गुण लिहून ते जपून ठेवावे. नेम सातत्याने डावीकडे वा खाली जात असल्यास तो दोष या पत्रांवरून क्रीडाशिक्षकांच्या सहज ध्यानात येईल. साधने मोजकी असली, तरी लक्ष्यपत्राच्या मापात तडजोड होऊ नये. दुर्गम भागातील खेळाडूस आपली खरी प्रगती समजण्याचा तोच भरवशाचा आधार आहे.