यमकाची जागा

काव्यविश्लेषणाचे उत्तर पुष्कळदा अलंकाराच्या नावापाशीच थांबते. ‘येथे यमक आहे’ एवढे लिहून विद्यार्थी कृतार्थ होतो. ते यमक तेथे कोणते कार्य करते, हा खरा प्रश्न अस्पृष्टच राहतो. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार अवघे चार: उपमा, रूपक, दीपक व यमक. अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदात त्यांची संख्या शंभरावर गेली. नावे पाठ झाली. परंतु अलंकाराने रसाच्या अधीन असावे, योग्य वेळी त्याचा स्वीकार तसा त्यागही व्हावा, हा आनंदवर्धनाचा नवव्या शतकातील विवेक अध्यापनात मागे पडला.

ज्ञानेश्वरीतील ओवीचेच पाहावे. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात. चौथा बहुधा आखूड आणि यमकमुक्त. तीन चरणांत कानाला जडलेली अपेक्षा चौथ्यात सुटते व विधान तेथे स्थिरावते. मोठ्या अभंगातही, ६, ६, ६ व ४ अक्षरांच्या चरणांपैकी, यमक दुसऱ्या व तिसऱ्यातच येते. म्हणजे यमकाचा अभाव हाही रचनेचाच भाग होय. वर्गात चौथ्या चरणाला मुद्दाम यमक जोडून ओवी म्हणून दाखवावी. ती पाळण्यासारखी झुलू लागते, आणि काय हरवले ते व्याख्येवाचून कळते.

आय. ए. रिचर्ड्झ यांनी केंब्रिज येथे कवींची नावे वगळून कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या व त्यांचे अभिप्राय १९२९ च्या ग्रंथात छापले. त्यांतील गोंधळ प्रसिद्धच आहे. मराठीच्या वर्गात अशी अनामिक ओवी देताना ती आधी मोठ्याने वाचली जावी. डोळ्याला चौथा चरण नुसता आखूड दिसतो, त्याचे मोकळेपण कानालाच कळते.