शून्याखालचा भाव

२० एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कच्या वायदा बाजारात अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. आदल्या व्यवहाराच्या दिवशी तोच भाव १८.२७ डॉलर होता. माल देणाराच घेणाऱ्याला वर पैसे मोजत होता! कोरोनाच्या टाळेबंदीने मागणी आटली होती, हे खरे. परंतु केवळ तेवढ्याने भाव शून्याखाली जात नाही. त्यासाठी साठवणुकीची कोंडी व्हावी लागते. हा वायदा मुदतीपर्यंत हाती ठेवणाऱ्यास ओक्लाहोमा राज्यातील कुशिंग येथे प्रत्येक सौद्यामागे १,००० पिंपे तेल प्रत्यक्ष उचलावे लागते. तेथील टाक्या भरत आल्या होत्या आणि उरलेली जागा बहुतांशी आधीच भाड्याने गेली होती. मुदत दुसऱ्याच दिवशी संपणार होती. ज्याच्यापाशी टाकी नाही त्याच्या खतावणीत तेल आता जमेच्या बाजूस राहिले नव्हते.

याची झळ मुंबईलाही लागली. मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवरील तेलाच्या वायद्यात माल कोणी उचलत नाही. न्यूयॉर्कच्या बंद भावाचे रुपयांत रूपांतर करून हिशोब चुकता होतो. टाळेबंदीमुळे येथील व्यवहार तेव्हा सायंकाळी ५ वाजताच थांबत. त्या दिवशी संपणाऱ्या एप्रिलच्या वायद्याचा शेवटचा भाव ९६५ रुपये होता आणि न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी सकाळचे साडेसात वाजले होते. तिकडे भाव कोसळला तेव्हा इकडे मध्यरात्र होत आली होती. सौद्यातून बाहेर पडण्याचा मार्गच उरला नव्हता. अखेर हिशोब झाला तो उणे २,८८४ रुपयांनी. १०० पिंपांचा एक सौदा ९६५ रुपयांनी घेणाऱ्याची समजूत अशी, की फार तर ९६,५०० रुपये बुडतील. प्रत्यक्षात तोटा झाला ३,८४,९०० रुपयांचा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.

ही समजूत केवळ हौशी सटोडियांची होती असे मानणे अन्यायाचे ठरेल. ती गणितातच मुरलेली होती. ठरावीक भावाने वायदा घेण्याचा वा विकण्याचा हक्क, म्हणजे ऑप्शन, किती किमतीचा, हे ठरवण्यासाठी ऊर्जा बाजारात फिशर ब्लॅक यांचे १९७६ चे सूत्र प्रमाण मानले जाई. त्यात भाव टक्केवारीने हलतो असे गृहीत धरलेले आहे. १०० चे निम्मे ५०, ५० चे निम्मे २५. कितीही वेळा निम्मे करा, शून्य ओलांडले जाणार नाही.

याउलट, पॅरिसमध्ये १९०० साली लुई बाशेलिए यांनी सट्ट्याच्या सिद्धांतावर प्रबंध सादर केला, त्यात भाव ठरावीक रकमेने वर-खाली होतो. थोर गणिती आँरी प्वांकारे हे त्याचे परीक्षक होते. प्रबंध पुढे अर्धशतक जवळजवळ विस्मृतीत राहिला. तो पुन्हा उजेडात आला तेव्हा पॉल सॅम्युअलसन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांना त्यात दोष दिसला, तो हाच, की या रीतीने भाव शून्याखालीही जाऊ शकतो. समभागांपुरता आक्षेप रास्त होता, कारण भागधारकाची जबाबदारी मर्यादित असते. परंतु तेलाला टाकी लागते, विजेची साठवण तर त्याहूनही कठीण. जर्मनीच्या वीज बाजारात २००८ पासून उणे भावांना मुभा होती. वारा जोराचा आणि मागणी थोडी असलेल्या रात्री, संच बंद करून पुन्हा सुरू करण्यापेक्षा पैसे देऊन वीज खपवणे काही वीजकेंद्रांना स्वस्त पडे. तेलवाल्यांनी शेजारच्या पेढीकडे पाहिले असते तर बरे झाले असते.

न्यूयॉर्कचा हा बाजार चालवणाऱ्या सीएमई समूहाने, आपली यंत्रणा उणे भाव स्वीकारण्यास सज्ज आहे, असे त्याच महिन्यात आधीच कळवले होते. परिपत्रके वाचण्याचा कंटाळा मात्र सगळीकडे सारखाच!

२२ एप्रिलपासून समूहाने तेलाच्या ऑप्शनसाठी ब्लॅक यांचे सूत्र बाजूस ठेवून बाशेलिए यांचे लागू केले. दोहोंतील अंतर एका उदाहरणात दिसते. शून्य डॉलरला तेल विकण्याचा हक्क ब्लॅक यांच्या हिशोबात कवडीमोलाचाही नव्हता. बाशेलिए यांच्या हिशोबात त्याला किंमत होती, आणि ती मोजावी लागणार होती.