बुद्धीचे मापन आणि परीक्षेची भाषा

मूल वर्गात मागे पडले, की ‘याला बुद्धीच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः बुद्धी आणि अध्ययन या दोन भिन्न बाबी होत. शिकविलेले किती आत्मसात झाले, हे संपादन चाचणी दाखविते. तर्क करण्याची व नवे समजून घेण्याची क्षमता बुद्धिमापन चाचणी अजमावते.

फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ साली अशी पहिली चाचणी तयार केली. ज्या मुलांना अधिक साहाय्याची गरज आहे ती ओळखणे, हा तिचा हेतू होता. पुढे मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणण्याची पद्धत रूढ झाली. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय आठ आढळल्यास त्याचा बुद्ध्यंक ८० येतो.

मात्र परक्या देशातील प्रश्नांचे केवळ भाषांतर पुरेसे नसते. जुन्या मुंबई प्रांतात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी सुधारून घेतली. त्यांचा यावरील इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

हा प्रश्न आजही जिवंत आहे. सुरत शहरात खानदेशातून कामासाठी गेलेली असंख्य कुटुंबे राहतात. तेथील महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू इत्यादी माध्यमांतून शिक्षण दिले जाते. अशा कुटुंबातील मूल घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि रस्त्यावर गुजराती ऐकते. मराठीत ‘नवरा’ म्हणजे पती; गुजरातीत ‘नवरा’ म्हणजे रिकामे, काम नसलेले. शब्दार्थाच्या प्रश्नात असे मूल अडखळले, तर तो दोष बुद्धीचा की भाषेचा? चुकीचा शिक्का बसल्यास पालकही निराश होतात व मुलाला शाळेऐवजी कामावर धाडतात. ही हानी पुढे भरून निघत नाही.

२००९ च्या बालकांच्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. म्हणून शिक्षकांनी असे मूल दाखल होताच प्रथम त्याच्या घरच्या बोलीत तोंडी प्रश्न विचारावेत. नंतर अक्षर, शब्द व परिच्छेद या क्रमाने वाचन पाहावे. गणिते खडे, काड्या वा नाणी देऊन करून घ्यावीत. काही आठवड्यांनी पुन्हा पडताळणी करावी. बुद्धिमापन चाचणी प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच करून घ्यावी व तिचा अंक वर्गात जाहीर करू नये. तपासणी अधिकाऱ्यांनी गुणांबरोबरच चाचणी कोणत्या भाषेत घेतली, याचीही नोंद पाहावी. पालकांनी मूल घरी कोणती भाषा बोलते, हे शिक्षकांस निःसंकोच सांगावे.

चाचणीने मुलाची पायरी कळते. त्या पायरीवरून त्यास वर नेणे, हे शाळेचे व गावाचे कर्तव्य होय.