बासूनवादक घडवावा लागतो

वाद्यवृंदावर लिहायचं तर लेखणी आधी संचालकांच्या नावांकडे आणि स्थापनेच्या सालाकडे वळते. मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राचा तो इतिहास थोडक्यात असा: चार्ल्स हॅले यांनी १८५८ साली तो उभा केला आणि १८९९मध्ये हान्स रिख्टर त्याचे संचालक झाले. माझं मन मात्र आर्ची कॅम्डेन (१८८८–१९७९) या बासूनवादकापाशीच रेंगाळलं.

बासून म्हणजे मॅपलच्या लाकडाची सुमारे अडीच मीटर लांब नळी, मधून दुमडलेली. फुंकायचं ते सनईच्या पत्तीसारख्या दुहेरी रीडमधून. बाकीची बहुतेक बोटं एक-दोन जागा सांभाळतात, पण डाव्या अंगठ्यावर आठ-नऊ चाव्यांचा भार असतो. खर्जात हे वाद्य गंभीर बोलतं आणि वरच्या पट्टीत गेलं की त्याचा आवाज माणसाच्या गळ्याजवळ येतो. स्ट्राव्हिन्स्की यांच्या १९१३च्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ची सुरुवात याच उंच, ताणलेल्या स्वरांनी होते.

वादकाची खरी झुंज असते ती रीडशी. दक्षिण फ्रान्समधला बोरू वाळवायचा, कोरायचा, दुमडायचा, तारेने आणि दोऱ्याने आवळायचा आणि मग चाकूने खरवडत बसायचं. मिलिमीटरचा शंभरावा भाग जास्त निघाला तरी सूर बिघडतो. इतक्या मेहनतीची रीड काही आठवड्यांत थकते. म्हणून बहुतेक व्यावसायिक वादक ती स्वतःच करतात. कार्यक्रमात ऐकू येणाऱ्या चार मिनिटांमागे चाकू घेऊन काढलेले असे कित्येक तास असतात, आणि या माणसांबद्दल मला आदर वाटतो तो त्या तासांमुळे.

कॅम्डेन हॅलेत येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये फ्रेंच घडणीचा बासून रूढ होता. रिख्टर यांना हवा होता जर्मन घडणीचा, अधिक भरदार आवाजाचा. तो वाजवणारी स्थानिक माणसं मिळेनात, म्हणून मँचेस्टरच्या संगीत महाविद्यालयात त्यासाठी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. त्यातूनच कॅम्डेन तयार झाले. १९१४ ते १९३३ ते हॅलेचे प्रमुख बासूनवादक होते. मोझार्टने १७७४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिलेला बासून कन्चेर्तो त्यांनी १९२६मध्ये हॅमिल्टन हार्टी यांच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित केला. मागे बसणारं हे वाद्य त्या तबकड्यांमुळे घराघरांत एकट्याने गाऊ लागलं. संगीतकार एरिक फॉग यांनी १९३१चा आपला कन्चेर्तो कॅम्डेन यांनाच अर्पण केला. पुढे १९३३ ते १९४६ बीबीसी सिम्फनी, मग रॉयल फिलहार्मोनिक. शिकवणं तर चालूच होतं. १९६२मध्ये बासूनच्या तंत्रावर त्यांचं पुस्तक आलं.

या धंद्यातली अस्थिरता मात्र नजरेआड करता येत नाही. हॅलेचं काम तेव्हा मुख्यतः हिवाळ्याच्या हंगामापुरतं असे. उन्हाळ्यात अनेक वादक समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत, जत्थ्यांनी, सहलीला आलेल्या लोकांपुढे वाजवत. मूकपटांच्या थिएटरांतले वाद्यवृंद हा दुसरा आधार. बोलपट येताच तोही गेला. १९३०मध्ये सुरू झालेल्या बीबीसी सिम्फनीने बारमाही पगार दिला, ही म्हणूनच मोठी गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धात तो वाद्यवृंद आधी ब्रिस्टलला, मग बेडफर्डला हलला, पण मोडला नाही.

आजची अडचण नोकरीच्याही आधीची आहे: शिकणारेच कमी. चांगला बासून अतिशय महाग असतो, तो लहान मुलाच्या पंजात मावत नाही आणि सुरुवातीची रीड दुसऱ्याने करून द्यावी लागते. नेदरलँड्समध्ये ‘बासून वाचवा’ अशी मोहीम काढण्याची वेळ आली. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हा अनेक वादक कझाकस्तानसारख्या देशांतून आणावे लागले. याच मुंबईला गोव्याच्या चर्चमधल्या संगीतशाळांनी व्हायोलिनवादकांच्या पिढ्या दिल्या होत्या. तिथे मुलाच्या हाती वाद्य दिलं जात होतं आणि शिकवायला मास्तर होते.

गुणी मुलं तेव्हाही होती, आजही आहेत. कॅम्डेनही गुणी होते, पण रिख्टर यांनी टंचाईची नुसती तक्रार केली असती तर ते बासूनवादक झाले असते का, याची मला शंका आहे. ज्या वाद्यवृंदाला पन्नास वर्षांनी बासून ऐकायचा आहे, त्याने शिष्यवृत्ती, उसनं देण्याजोगं वाद्य आणि रीड करायला शिकवणारा मास्तर यांची तरतूद याच वर्षीच्या अंदाजपत्रकात करायला हवी.