गुग्गुळ : झुडपाची खपली, आपली गोळी

गुडघे दुखायला लागले, वजन वाढले किंवा रक्ताच्या अहवालात कोलेस्टेरॉल जास्त आले, की आपल्याकडे कुणीतरी गुग्गुळाचे नाव काढतेच. योगराज, त्रिफळा, कांचनार, मेदोहर अशा नावांनी तो दुकानात सहज मिळतो आणि धुपात मिसळून देवघरातही पोचतो. पण ज्या झुडपातून तो येतो, ते आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. ते वाढते राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या, खडकाळ माळांवर आणि सीमेपलीकडे सिंध-बलुचिस्तानात.

पुरुषभर किंवा थोडे अधिक उंच, वेड्यावाकड्या काटेरी फांद्यांचे हे झुडूप. पाने येतात ती पावसाळ्यात. उरलेले बरेचसे वर्ष ते बोडके असते आणि वाळून गेल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते जिवंत असते. त्याची साल कागदासारखी सुटते, आतला थर हिरवा असतो आणि पाने नसतानाही तो उन्हावर थोडेफार अन्न तयार करतो. पाण्याची अशी काटकसर करणारे झाड भराभर वाढणार कसे? खोडाला जखम झाली की त्यातून चिकट डिंक पाझरतो, वाळतो आणि जखम बुजवतो. आपल्या त्वचेवर खपली धरते तसेच हे. हीच खपली खरवडून आणली, की तिला आपण गुग्गुळ म्हणतो.

सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर गुग्गुळाचा उल्लेख आहे. त्याचा धागा पकडून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. चरबीयुक्त आहार दिलेल्या सशांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल गुग्गुळाने कमी राहिले, असे त्यांनी १९६६च्या आपल्या प्रबंधात दाखवले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गुग्गुळाचा प्रमाणित अर्क तयार झाला आणि १९८०च्या दशकात तो ‘गुगुलिपिड’ म्हणून बाजारात आला. जुन्या ग्रंथातले एक वचन प्रयोगशाळेत तपासून घेण्याचे हे काम मला आजही आदर्श वाटते.

पण तपासणी तिथे थांबली नाही, आणि थांबूही नये. अमेरिकेत १०३ रुग्णांवर आठ आठवडे चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. गुगुलिपिड घेणाऱ्यांचे ‘वाईट’ म्हणजे एलडीएल कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी चार ते पाच टक्के वाढले. नकली गोळी घेणाऱ्यांचे पाच टक्के घटले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. भारतातल्या आधीच्या छोट्या चाचण्यांत फायदा दिसला होता, हे खरे. मात्र हृदयविकार टाळण्यासाठी या औषधावर विसंबावे इतका भक्कम पुरावा आजही नाही.

हे सांगण्याचे कारण आमची ओपीडी. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली माणसे ‘आयुर्वेदिक चालू केलंय, डॉक्टर’ म्हणत स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करून येतात. ती गोळी पुढचा झटका टाळण्यासाठी असते. तिच्या जागी गुग्गुळ चालत नाही. डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाची व रक्तदाबाची औषधे गुगुलिपिडबरोबर घेतल्यास रक्तात कमी पोचतात, असेही आढळले आहे. थायरॉइडचा विकार असेल किंवा गर्भ राहिला असेल, तर स्वतःच्या मनाने घेऊच नये. आणखी एक गोष्ट : सगळे गुग्गुळ सारखे नसतात. महायोगराज गुग्गुळाच्या पारंपरिक पाठात शिशाचे नागभस्म आणि पाऱ्याचा रससिंदूर असतो. मूत्रपिंड अधू असलेल्याने तो शेजाऱ्याच्या सल्ल्याने महिनोन्‌महिने खाणे मला धोक्याचे वाटते. वैद्यांकडून घेत असाल तर डब्यांसकट आम्हाला दाखवा, रागावणार नाही.

औषधाबद्दल इतके. झुडपाची अवस्था याहून बिकट आहे. डिंक काढण्याजोगे व्हायला त्याला आठ-दहा वर्षे लागतात. थंडीत मोजक्या, उथळ चिरा दिल्या तर ते तगते. पण एकदाच भरपूर डिंक मिळावा म्हणून खोल घाव घालतात, जखमेत आम्ल किंवा इतर द्रव्ये भरतात. मग डिंक भरपूर निघतो आणि झुडूप मरते. त्याच्या जागी नवे उगवणेही अवघड : बी रुजण्याचे प्रमाण कमी, रोपांची वाढ संथ आणि वर चराई. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत ते आता ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. भारताची गरज भागवायला पाकिस्तानातूनही गुग्गुळ आणावा लागला, आणि टंचाईमुळे इतर डिंकांची भेसळ वाढली. म्हणजे डबीवरचे नाव आणि आतला माल एकच असेल, याचीही खात्री नाही.

लागवड शक्य आहे. पेनाएवढ्या जाड फांद्यांची छाटकलमे रुजतात आणि अजमेरजवळ मांगलियावास येथे अशी लागवड झालेली आहे. मात्र आज लावलेल्या कलमातून पहिला डिंक काढायला जवळपास दशकभर थांबावे लागते, आणि तेवढे थांबण्याची ऐपत त्या माळावरच्या शेतकऱ्याकडे सहसा नसते.