नैराश्य : बोलण्याचाही उपचार असतो

ताप आला की आपण दवाखाना गाठतो. हाड मोडले की प्लास्टर घालून घेतो. मन आजारी पडले की मात्र ‘मन घट्ट कर’, ‘तुला कशाची कमी आहे?’ एवढेच ऐकायला मिळते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक आजारांच्या दर शंभर रुग्णांपैकी ७० ते ९२ जणांना उपचारच मिळत नाहीत. लोकलाज हे त्याचे एक कारण. दुसरे म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत असतात. खेड्यातल्या माणसाने जायचे कुठे?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून आले आहे. तेथील ‘संगथ’ ही संस्था १९९६ पासून या क्षेत्रात काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, नैराश्याच्या रुग्णाशी पद्धतशीर बोलण्याचे काम तज्ज्ञानेच केले पाहिजे का? गावातल्याच, दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला ते शिकवता येणार नाही का?

दहा आरोग्य केंद्रांतील प्रयोग

गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण निवडण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांच्या डॉक्टरांना आजाराची कल्पना दिलेली होती. एका गटाला मात्र त्याखेरीज प्रशिक्षित समुपदेशक भेटत असे. अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ भेटी, कधी केंद्रात तर कधी रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी या गटातील शंभरापैकी ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते; दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ होते. वर्षानंतरही पहिला गट पुढेच होता : ६३ विरुद्ध ४८. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या भेटींत होते काय?

नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. पारावर बसणे सुटते, भजनी मंडळ सुटते, शेजारणीशी बोलणे सुटते. जितके सुटते तितके मन अधिक खचते आणि खचल्यावर आणखी सुटते. समुपदेशक हेच चक्र उलटे फिरवायला मदत करतो. ‘मन लागले की करीन’ असे म्हणत थांबायचे नाही. करू लागले की हळूहळू मन लागते. उद्या सकाळी सात वाजता दहा मिनिटे चालायचे, परवा बहिणीला फोन करायचा, अशी छोटी कामे दोघे मिळून ठरवतात. पुढच्या भेटीत काय जमले आणि काय अडले ते पाहतात. समुपदेशकांच्या कामावर देखरेख असते, हेही महत्त्वाचे. नुसता धीर देणे आणि हा उपचार यांत फरक आहे.

विदर्भातही असे काम झाले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमापूर्वी नैराश्य असलेल्या शंभरापैकी केवळ ४ जण मदत घेत. दीड वर्षाने ही संख्या २७ झाली. प्रगती मोठी खरी, पण ७३ जण तरीही दूरच राहिले.

ओळखावे कसे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असणे, कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, सतत थकवा, ‘मी निरुपयोगी आहे’ असे वाटणे ही लक्षणे आहेत. अनेक रुग्ण डोकेदुखी किंवा अंगदुखीच सांगतात. तपासण्यांत काही निघाले नाही आणि दुखणे चालूच राहिले, तर डॉक्टरांना मनाविषयीही मोकळेपणाने सांगावे.

घरच्यांनी काय करावे?

उपदेश कमी करावा, ऐकून अधिक घ्यावे. औषधे चालू असल्यास ती आपल्या मनाने बंद करू नयेत. भास होणे, कोणी मारायला टपले आहे असा संशय येणे, खाणेपिणे सुटणे अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडेच न्यावे. कोणी मरणाची भाषा करू लागले तर ‘नुसते बोलतो आहे’ म्हणून सोडून देऊ नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशके दूर ठेवावीत आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेवर १४४१६ या क्रमांकाला रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, आणि तोही मोफत. मराठीत बोलता येते.

नैराश्य हा दुबळेपणा नव्हे, आजार आहे. आणि तो बरा होतो. उपचारासाठी मुंबई-पुणे गाठणे प्रत्येकाला जमणार नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ‘हल्ली मन लागत नाही’ एवढे सांगणे मात्र आजही जमण्यासारखे आहे.