मानसिक ताण व रक्त-मेंदू अडथळा

रक्त-मेंदू अडथळा हा मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींनी बनलेला संरक्षक पडदा आहे. क्लॉडिन-५ सारखी प्रथिने या पेशींना घट्ट जोडून ठेवतात; त्यामुळे रक्तातील अनेक अपायकारक घटक मेंदूत शिरत नाहीत.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, सततच्या सामाजिक ताणाने खचलेल्या उंदरांच्या मेंदूत, आनंद व प्रेरणेशी निगडित भागात क्लॉडिन-५ घटल्याचे आणि दाहकारक इंटरल्यूकिन-६ आत शिरल्याचे आढळले. नैराश्यग्रस्त व्यक्तींच्या मरणोत्तर मेंदूनमुन्यांतही हे प्रथिन कमी होते.

कृष्णा-पंचगंगा संगमावरील नृसिंहवाडीने २००५, २०१९ व २०२१ चे महापूर सोसले. अशा वारंवार येणाऱ्या आपत्तींतून ताण दीर्घकाळ टिकू शकतो. असा ताण म्हणजे केवळ मनाची दुर्बलता नसून त्याला शारीरिक बाजूही असते, असे या संशोधनातून सूचित होते.